निष्ठा मागणाऱ्यांनी आधी देणे चुकते करावे

कोच बदलला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे: “पैसा दिसला, गेला.” उल्हासनगरच्या मैदानावर, अंबरनाथच्या शाळेत, बदलापूरच्या नव्या टर्फवर, सगळीकडे हेच. पालक म्हणतात, संस्थाचालक म्हणतात. ज्यांनी त्या कोचचे चार महिन्यांचे मानधन थकवलेले असते, तेसुद्धा हेच म्हणतात. या वाक्यात अन्याय आहे आणि तो उघडपणे बोलला गेला पाहिजे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. ‘वफा’ हा शब्द उर्दूत अरबीतून आला. आपण तो गझलेतल्या प्रियकराला देऊन टाकला. पण अरबीत त्याचा अर्थ साधा आणि व्यवहाराचा आहे: दिलेला शब्द पुरा करणे, देणे पूर्ण फेडणे. कर्ज फेडण्यालाही हाच शब्द लागतो. म्हणजे वफेत हिशेब आहे आणि हिशेबाला दोन बाजू असतात. आपण मात्र एकाच बाजूकडे वफा मागतो, आणि ती बाजू नेहमी नोकराची असते.

चंद्रकांत पंडित यांचे उदाहरण घ्या. मुंबईचा माणूस, मुंबईचा खेळाडू. त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि गुजरातकडून हरली. २०१७ मध्ये मुंबईने त्यांच्या जागी दुसरा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भाकडे गेले आणि विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक जिंकला. मग ते मध्य प्रदेशाकडे गेले. जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला, तोही मुंबईला हरवून.

आता सांगा, निष्ठा कोणी मोडली? एक करंडक आणि एक अंतिम फेरी देणाऱ्या माणसाला ज्यांनी थांबवले, त्यांच्या निष्ठेची चर्चा कोणी केली नाही. संघटना माणूस बदलते तेव्हा तो ‘निर्णय’ असतो. माणूस संघटना बदलतो तेव्हा ती ‘गद्दारी’ असते. त्याच चिन्नास्वामीवर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून पंडित रणजीची अंतिम लढत हरले होते. २३ वर्षांनी त्याच मैदानावर त्यांच्या डोळ्यांत आलेले पाणी साऱ्यांनी पाहिले. पगार घेणाऱ्याला आतडे नसते असे कोणी ठरवले?

दुसरे नाव वसीम जाफर. तेही मुंबई सोडून विदर्भाकडून खेळू लागले. मध्ये दुखापतीमुळे एक हंगाम त्यांना खेळताच आले नाही. तरी विदर्भाच्या संघटनेने कराराचे पैसे त्यांना दिले. जाफर यांनी काय करावे? पुढचा, म्हणजे २०१७-१८ चा हंगाम ते मानधन न घेता खेळले आणि विदर्भाने पहिला करंडक उचलला. वफा अशी जन्माला येते. आधी संघटनेने देणे चुकते केले, मग खेळाडूने. भाषण कोणालाच करावे लागले नाही.

इथे कोणीतरी म्हणेल, “आचरेकर सरांनी कधी पैसे पाहिले का?” प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर अर्धेच सांगितले जाते. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. शिवाजी पार्कवरच्या त्या तपश्चर्येला सर्वांचा सलाम असलाच पाहिजे. पण तिच्यामागे दरमहा येणारा पगारही होता. त्या काळी बँका, रेल्वे, गिरण्या खेळणाऱ्यांना नोकऱ्या देत. आज तशी नोकरी नाही, पण त्याग मात्र तेवढाच हवा आहे. हे म्हणजे चूल काढून घ्यायची आणि भाकरी मागायची.

आमच्या पट्ट्यात ती चूल कशी असते ते पाहा. कोच जूनमध्ये येतो, शालेय स्पर्धा संपल्या की त्याचे काम संपते. मे महिन्याचे पैसे नाहीत, लेखी करार नाही, आजारपणाची रजा नाही. मुले जिंकली की बॅनर लागतो. त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा, कोचचे नाव असलेच तर खाली बारीक. कायद्यानेही याला हातभार लावला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, पण तो ‘अंशकालीन’. पगार अर्धवेळेचा आणि निष्ठा पूर्णवेळेची, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे उलटे टोक आहे. जिंबो फिशर २०१७ च्या अखेरीस फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ सोडून टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडे गेले. करार १० वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा. पुढे तो वाढवला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढले, तेव्हा विद्यापीठावर साडेसात कोटी डॉलरहून अधिक देण्याची वेळ आली. हा पैशाचा माज आहे, त्याचे कौतुक मला नाही. विद्यापीठाने इतका पैसा शिकवण्यावर घालावा. पण एक गोष्ट तिथे कागदावर आहे: शब्द मोडला तर मोडणाऱ्यालाही किंमत पडते. आपल्याकडे ती किंमत फक्त कोच भरतो.

आणि कोच मुसलमान असेल तर परीक्षेला आणखी एक पेपर वाढतो. जाफर २०२० मध्ये उत्तराखंडचे प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडीतल्या हस्तक्षेपाची तक्रार करून त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर आरोप आला तो संघात धर्म आणल्याचा. जाफर यांनी पत्रकारांसमोर एकेका आरोपाचे खंडन केले. अनिल कुंबळे जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाकीचे बहुतेक मोठे खेळाडू गप्प राहिले. ज्या माणसाने विदर्भासाठी एक हंगाम फुकट खेळून दाखवला, त्याच्याकडेही शेवटी निष्ठेचा दाखला मागितला गेला. दुसऱ्या कोचला विचारतात, “पैशासाठी गेलास का?” आम्हाला विचारतात, “नक्की कोणाचा आहेस?”

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या संस्थाचालकांकडे आणि पालकांकडे माझे मागणे साधे आहे. कोचला लेखी करार द्या, आणि तो हंगामाचा नको, वर्षाचा द्या. मानधनाची तारीख ठरवा आणि पाळा. काढायचे असेल तर त्याला जितक्या दिवसांची नोटीस मागता, तितक्याच दिवसांची द्या. बॅनरवर त्याचे नाव वाचता येईल इतके मोठे छापा. एवढे करूनही तो चार पैशांसाठी ऐन स्पर्धेत मुलांना सोडून गेला, तर त्याला बेवफा म्हणा. मीही तुमच्याबरोबर म्हणेन. तोपर्यंत आधी आपली वही उघडा आणि कोणाचे किती देणे बाकी आहे ते पाहा.