घाटावर रेड, घाटाखाली चिल्ड

इंग्रजी मासिकांतला ड्रिंक्सचा फंडा एकदम सोपा असतो. थंडीत रेड वाइन, उन्हाळ्यात व्हाइट आणि बिअर. वाचायला मस्त वाटतं, पण लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं मलकापूर पाहिलेलं नसतं ना! मी पाहिलंय. नोकरी पुण्यात असली तरी घर तिथलंच.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ऋतू कॅलेंडरपेक्षा घाटावर जास्त अवलंबून. 'घाटावरचे की घाटाखालचे?' हा ओळख होतानाच विचारला जाणारा प्रश्न. वर बुलडाणा, चिखली, मेहकर. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सुमारे ६५० मीटर उंचीवर. राजूर घाट उतरलात की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. म्हणजे एकाच संध्याकाळी वरच्या मित्राला एक हवं असतं आणि खालच्याला दुसरंच.

आधी रेडबद्दल. 'रूम टेम्परेचरला प्या' असं जो तो सांगतो. बॉस, कोणाची रूम? हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा, १६ ते १८ अंशांचा. जानेवारीच्या रात्री बुलडाण्यात बाटली नुसती टेबलावर ठेवली तरी काम होतं. मलकापुरात मे महिन्यात तीच बाटली तासभर फ्रीजमध्ये टाका, बिनधास्त. कोमट रेडमध्ये फळांचा वास मागे पडतो आणि अल्कोहोल तेवढं नाकात जातं. 'वाइन आपल्याला नाही जमत' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी ती अशीच प्यायलेली असते, अशी मला दाट शंका आहे. आणखी एक. उन्हाळ्यात घाटाखाली वाइन घेताना दुकानात एसी आहे का ते बघा. बूच वर आलेलं असेल किंवा कडेने वाइन झिरपलेली दिसली, तर ती बाटली आधीच उन्हात शिजलीय. डिस्काउंट देत असले तरी सोडा.

आता बिअर. उन्हाळा म्हणजे बिअर, हे समीकरण फ्रीजने आणलं. त्याआधी उन्हाळा बिअरचा शत्रू होता. बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूमच निघाला होता की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. उन्हात ती बिघडायची. मग लोक मार्चमध्ये जरा दणकट बिअर बनवून थंड तळघरात साठवायचे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या सातपुड्याच्या कडेला, जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, मोहाची फुलं गळतात, आणि आदिवासी पाड्यांवर ती वेचून वाळवतात. खरी सीझनल चीज म्हणायची तर ती. बाकी आपण सगळे बारा महिने एकच गोष्ट मागतो, 'एक स्ट्राँग, चिल्ड'.

या 'स्ट्राँग'वर मात्र माझं मित्रांशी कायम वाजतं. हिशेब करू या. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये ते तेराच्या आसपास असतं. थोडक्यात, एक स्ट्राँग म्हणजे चार पेग! मलकापुरात कोणी भर दुपारी चार पेग घेतले तर आपण त्याला वेड्यात काढू. तोच माणूस स्ट्राँगची बाटली फोडून 'बॉडी थंड करून राह्यलो भाऊ' म्हणतो, तेव्हा सगळे माना डोलावतात.

बॉडी थंड वगैरे काही होत नाही. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनला अल्कोहोल दाबतं, म्हणून तर दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. बाहेर ४४ अंश, घामाने पाणी चाललंय, आणि वरून हे. उष्माघाताच्या सरकारी सूचनांमध्ये दारू टाळा असं लिहितात, ते काही संस्कृतिरक्षण नाही. घाटाखाली उन्हाळ्यात प्यायचीच असेल तर सूर्य मावळू द्या, माइल्ड घ्या, दर ग्लासामागे एक ग्लास पाणी. दुपारी ताकाला पर्याय नाही.

दुसरा प्रकार म्हणजे 'वर गार आहे, चला बुलडाण्याला बसू' म्हणून बाइक काढणं. बसायला हरकत नाही, पण राजूर घाट रात्री उतरायचा कोणी? रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आणि एक स्ट्राँग ती सहज पार करू शकते. माझ्या ग्रुपचा नियम ठरलेला आहे. वर बसलो की मुक्काम वरच, खाली यायचं सकाळच्या एसटीने.

पावसाळ्यात हवामानाचं कोणी ऐकत नाही, तिथे पंचांग चालतं. आषाढी एकादशीला ड्राय डे. मग श्रावण. एरवी शुक्रवारी हमखास बसणारे महिनाभर लिंबूसोडा पिताना दिसतात. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि महिनाभराची कसर त्या एका दिवसात निघते. रिकाम्या पोटी, सवय मोडलेली असताना. डिसेंबरच्या थंडीपेक्षा मला त्या दिवसाची जास्त धास्ती वाटते.

आणि हिवाळा? तो वाइनचाच. गंमत म्हणजे युरोपात द्राक्षं शरदात तोडतात, आपल्या नाशिकला जानेवारी ते मार्च. म्हणजे इकडे हुरडा भाजला जात असतो तेव्हा तिकडे पुढच्या वर्षीची वाइन वेलीवर लटकत असते. हुरड्याला मात्र रेड नको. लसणाची चटणी आणि ठेचा असला की रेडमधला तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ न्या. घाटावरच्या शेतात आइस बकेटही लागत नाही, बाटली विहिरीच्या पाण्यात दोरीने सोडायची. दोरी नीट बांधा, एवढंच.