नकोसा कप्तान

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या चाहत्यांपुढे कॅप्टन एडवर्ड जेलिकोचं नाव काढा, लगेच कपाळाला आठ्या पडतात. डिसेंबर १९९२मध्ये आलेल्या ‘चेन ऑफ कमांड’ या दोन भागांच्या कथेपुरता तो एंटरप्राइझ या अवकाशयानावर येतो. रॉनी कॉक्सनं उभा केलेला हा अधिकारी हेकट, उद्धट, माणसं तोडणारा, असा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचा. हा मला धडधडीत अन्याय वाटतो.

आरोप सगळ्यांना पाठ आहेत. आल्याआल्या त्यानं कामाच्या तीन पाळ्यांच्या चार केल्या. इंजिनिअरिंगची एक तृतीयांश माणसं सुरक्षेकडे वळवली. समुपदेशक ट्रॉयला गणवेश घालायला लावला. यानाचा मूळ कप्तान पिकार्ड याचा मासा खोलीतून हलवला. शेवटी पहिला अधिकारी रायकर यालाच पदावरून दूर केलं.

पण ही वेळ कोणती होती? सीमेवर शत्रूची, म्हणजे कार्डेशियनांची, सैन्याची जमवाजमव चालू होती आणि वाटाघाटी फिसकटल्या की लढाईच. पिकार्ड गुप्त मोहिमेवर गेलेला, तो परतेलच याची खात्री नाही. जेलिकोनं हे त्याला तोंडावर सांगितलं. बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं. कार्डेशियनांशी झालेल्या तहाच्या बोलण्यांत जेलिकोचा हात होता, म्हणून तर त्याला इथं धाडलं.

पाळ्यांचा प्रसंग नीट पाहा. जेलिको हुकूम देतो. रायकर तो विभागप्रमुखांपुढे ठेवतो, त्यांच्या अडचणी ऐकतो आणि अंमलबजावणी थांबवतो. जेलिको विचारतो तेव्हा कुठे कळतं, की चौथी पाळी सुरूच झालेली नाही. अडचण होती तर ती तत्काळ वर कळवायला हवी होती. पहिल्या अधिकाऱ्यानं कप्तानाचा हुकूम स्वतःच्या अखत्यारीत लांबणीवर टाकावा, तोही युद्धाच्या तोंडावर, याचं समर्थन कसं करायचं?

खरी गोम वेगळीच आहे. पाच वर्षं आपण पिकार्डच्या माणसांत राहिलो, त्यामुळे जेलिकोला त्यांच्याच डोळ्यांनी पाहतो. बदलून आलेल्या साहेबाविषयी जुन्या कचेरीत जे बोललं जातं, तेच आपण त्याच्याविषयी बोलतो. ट्रॉय तो गणवेश पुढेही बहुतेक वेळा वापरत राहिली, पण त्याचं श्रेय जेलिकोला कुणी दिलं नाही.

त्याच्यात दोष नव्हता असं मी म्हणत नाही. इंजिनिअरिंगचा प्रमुख जॉर्डी काम आवाक्याबाहेरचं असल्याचं सांगतो. सगळा विभाग अहोरात्र राबला तर ते शक्य आहे, असा डेटा या अधिकाऱ्याचा हिशेब. तेवढं पुरे म्हणून जेलिको विषय संपवतो. तिथं दोन वाक्यांत कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लढाईआधी माणसं थकवणं धोक्याचं, हे रायकरच्या बाजूचं म्हणणं मला पटतं.

सर्वांत गंभीर आरोप पिकार्डविषयीचा. तो शत्रूच्या छळछावणीत असताना, ‘तो आमच्याच हुकमावरून गेला होता’ हे जेलिकोनं मान्य केलं असतं, तर त्याला युद्धकैद्याचे हक्क मिळाले असते. त्यानं ते मान्य केलं नाही. रायकर यावरूनच भडकला. पण मान्य करणं म्हणजे परक्या हद्दीत घुसखोरी केल्याची कबुली. समोर टपून बसलेल्या शत्रूच्या हाती ते कोलीत देणं होतं. पिकार्ड आपला लाडका, म्हणून हा निर्णय सलतो. त्या खुर्चीत बसलेल्याला एका माणसाबरोबर शत्रूचं लक्ष्य असलेल्या मिनोस कोर्वा ग्रहावरच्या लोकांचाही विचार करायचा होता.

आणि हा माणूस दगड नव्हे. आपल्या मुलाची चित्रं तो खोलीच्या भिंतीवर लावतो. तो दिसतो तितका स्वतःविषयी निश्चिंत नाही, हे ट्रॉयला जाणवतं. मनात धाकधूक असूनही तो ठाम राहतो, म्हणून मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

शत्रूचा ताफा एका तेजोमेघात लपला आहे, हे तो ओळखतो. तिथं सुरुंग पेरायला सर्वांत कुशल वैमानिक हवा, आणि तो रायकर. जेलिको स्वतः उठून त्याच्या खोलीत जातो. हुद्दे बाजूला ठेवून दोघं एकमेकांना फटकळपणे सुनावतात. रायकरला हवं असतं, की कप्तानानं विनंती करावी. जेलिको ती करतो. सुरुंग पेरले जातात, ताफा अडकतो, शस्त्रं निकामी करून माघारी फिरतो. मिनोस कोर्वा वाचतो आणि पिकार्डही परत येतो. पाळ्या आणि गणवेशावरून त्याला नापास करणाऱ्यांनी यातलं काय कमी पडलं ते दाखवावं.