सासूचे माहेर

आपल्या चित्रपटांनी सुनेचे माहेर इतक्या वेळा दाखवले आहे की ते अंगण, ते तुळशीवृंदावन आणि दारात पदराने डोळे पुसणारी ती आई आपल्याला स्वतःच्या घराइतकी पाठ झाली आहे. माझा सवाल साधा आहे. सासूला माहेर नव्हते काय? का ती कपाळाला आठ्या घालूनच जन्माला आली?

कौटुंबिक चित्रपट रडवतात, याबद्दल माझी तक्रार नाही. १९९१ साली ‘माहेरची साडी’ पाहताना बायाबापड्यांनी थिएटरात पदर भिजवले, ते अश्रू खोटे नव्हते. पुष्कळजणी पडद्यावर स्वतःचेच घर पाहत होत्या. तक्रार आहे ती हिशेबाची. सुनेला छळले कोणी? सासूने. सासू का छळते? दुष्ट म्हणून. झाला हिशेब! घराण्यात दुःख एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे उतरत येते हा या कथांचा खरा विषय, आणि नेमका तोच आमचे पटकथाकार कापून टाकतात.

जरा वयाचे गणित मांडून पाहा. १९५० च्या सुमाराची पन्नाशीची सासू म्हणजे १९०० च्या आगेमागे जन्मलेली बाई. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा झाला १९२९ साली. तेव्हा हिचे लग्न त्याच्या कितीतरी आधी, बहुधा आठव्या-दहाव्या वर्षीच उरकलेले. बाहुली टाकून ती परक्या घरात आली, पहाटे जात्यावर बसली, सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवली, आणि माहेरी जायचे नाव काढले की ‘पुढच्या सणाला बघू’ हे ऐकत म्हातारी झाली. साऱ्या जन्मात तिच्या हाती एकच सत्ता आली, ती नव्या सुनेवरची. जे सोसले तेच तिने ‘वळण’ या गोंडस नावाखाली पुढे दिले. ‘आम्ही नाही का केले?’ हे कोणत्या घरात ऐकू आलेले नाही? त्या चार शब्दांत अख्खा चित्रपट आहे.

ललिता पवारांचेच उदाहरण घ्या. येवल्याची ही अंबा मूकपटाच्या काळापासून पडद्यावर होती, नायिका होती. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचे दिवस सरले, पुढे खाष्ट सासू वाट्याला आली. ज्या बारीक डोळ्याची आपण एवढी दहशत घेतली, तो मार खाल्लेला डोळा होता! एवढी ढळढळीत गोष्ट समोर असून लेखकांना काही सुचू नये? बाई कमी पडत नव्हत्या. ‘अनाडी’तली (१९५९) तोंडाने फटकळ, पोटात माया असलेली मिसेस डिसा आठवा. पण १९८० च्या ‘सौ दिन सास के’मध्ये पुन्हा तेच. थोरली सून सोसते, धाकटी सासूला धडा शिकवते. लाटणे या हातातून त्या हातात गेले, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, सासवांची वकिली चालली आहे. मुळीच नाही. सुनेला जाळणाऱ्या सासूची जागा तुरुंगातच. छळ आला कोठून हे सांगितल्याने तो माफ होत नाही. पण पडद्यावरची राक्षसीण फार सोयीची असते. थिएटरातल्या एकाही सासूला तिच्यात आपला चेहरा दिसत नाही. १९९१ साली पंचविशीत असलेल्या, हुंदके देणाऱ्या त्या सुना आज साठीच्या घरात आहेत, त्यांच्या घरी सुना आल्या आहेत. आपण काही तशा नाही, यापलीकडे त्या चित्रपटाने त्यांना काय दिले?

आणि हे जमत नाही असेही नाही. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’त (१९३७) म्हातारा काकासाहेब आपला अन्याय ओळखतो. तो जीव देतो हे मला आजही भडक वाटते. पण घरातला वडील माणूस स्वतःकडे बघतो तरी! जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) तर दुष्ट कोणीच नाही. सासू समाजकार्य करणारी, चारचौघांत मान असलेली. तरीही नोकरीसाठी बाहेर पडलेल्या सुलभाला ते घर परके होते, आणि तिची लहानगी मुलगी जावेच्या कुशीत रुळते. परत आलेल्या आईकडे ती पोर ज्या अनोळखी नजरेने पाहते, त्या नजरेत तिसऱ्या पिढीचा वाटा आहे. मोठ्याने कोणी रडत नाही, म्हणूनच ते जास्त लागते.

निर्माते म्हणतात, घरच्या बायकांना असले काही आवडत नाही. ‘कुंकू’ काय पुरुषांनीच पाहिला? एकाने तरी जात्यावर बसलेल्या त्या दहा वर्षांच्या पोरीपासून गोष्ट सुरू करावी. तिकिटाच्या रांगेत मी पहिली उभी राहीन, सासूबाईंना बरोबर घेऊन.