विश्लेषण : उल्हासनगरचा कॅम्प 2 पायी पाहण्यासारखा आहे का?

उल्हासनगरात पत्ता विचारला तर रस्त्याचे नाव क्वचितच ऐकायला मिळते. कॅम्प कितवा, सेक्शन कोणता, बराक नंबर किती, एवढे सांगितले की रिक्षावाला बरोबर दारात नेऊन सोडतो. ही मोजणी दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीची आहे. छावणी गेली, सैनिक गेले, बहुतेक बराकीही गेल्या. पण नव्या इमारतीच्या पाटीवर ‘बी. के. नं.’ आजही असतो.

पुण्याच्या पेठांमधून किंवा मुंबईच्या फोर्टातून सकाळी हेरिटेज वॉक निघतात, त्यांचे फोटो आपण मोबाइलवर पाहतो. ‘सिटी रन’ म्हणजे शहर बघत बघत धावण्याची हौसही आता वाढली आहे. उल्हासनगरचे नाव अशा यादीत येत नाही. इथे लोक कपडे, जीन्स आणि फर्निचर घ्यायला येतात, पिशव्या भरतात आणि लोकल पकडतात. शहराचा इतिहास मात्र त्याच बाजाराच्या पाच-दहा मिनिटांच्या अंतरात उभा आहे आणि दरवर्षी थोडा थोडा पाडला जात आहे.

ही छावणी नेमकी काय होती?

तिचे मूळ नाव कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. युद्धाच्या काळात 6,000 सैनिक आणि आणखी 30,000 लोकांच्या मुक्कामाची सोय म्हणून ती उभारली गेली. 2,126 बराकी आणि सुमारे 1,173 स्वतंत्र घरे, असा तिचा पसारा होता. बहुतेक बराकींची रचना एकसारखी होती : मध्ये लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली.

1947 च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी निर्वासितांना ‘आपला’ म्हणावा असा प्रांतच भारतात उरला नाही. जानेवारी 1948 मधल्या कराचीच्या दंगलीनंतर बोटींनी मुंबईला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. त्यातले सुमारे 1 लाख लोक कल्याणजवळच्या या रिकाम्या बराकींत आले. सैनिकांनी रांगेत खाटा टाकाव्यात म्हणून बांधलेल्या हॉलमध्ये गोणपाट आणि चादरींचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. 8 ऑगस्ट हा आजही शहराचा वाढदिवस मानला जातो.

2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,06,098 होती आणि क्षेत्रफळ अवघे 13 चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला सुमारे 39 हजार माणसे. गर्दीची आकडेवारी म्हणून हे नेहमी सांगितले जाते. पण हाच आकडा उलटा वाचून पाहा. 13 चौरस किलोमीटरचा चौकोन धरला तर त्याची एक बाजू साडेतीन किलोमीटरच्या जवळपास येते. म्हणजे शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात चालून जाता येईल एवढेच आहे. वाहन काढल्याशिवाय जिथे जाता येत नाही, असे इथे फार थोडे आहे.

मग बघायचे काय?

सुरुवात गोल मैदानापासून करावी. कॅम्प 2 मधली ही मोकळी जागा नावाप्रमाणेच गोल आहे, भोवती रस्ता आहे, आणि धावणाऱ्यांसाठी शहराच्या या भागात याहून सोयीची जागा नाही. वेळ सकाळी 6 ची. त्या वेळी मॉर्निंग वॉकवाले ज्येष्ठ बाकांवर गप्पा मारत असतात आणि त्या गप्पांत सिंधी, हिंदी, मराठी सगळे मिसळलेले असते. ज्यांचे आईवडील बोटीने आले, अशा पिढीतले लोक अजून या बाकांवर बसतात. त्यांच्याशी बोलायचे तर धाव थांबवावी लागेल. थांबवावी.

गोल मैदानाकडून नेहरू चौकाच्या दिशेने मात्र धावू नये, चालावे. हा बाजाराचा भाग आहे : गजानन मार्केट, जपानी बाजार आणि त्यांना जोडणाऱ्या कापडाच्या गल्ल्या. शटर उघडण्याआधी इथे आलात तरच गल्ल्यांची मूळ आखणी दिसते. दुपारी दिसतात ते फक्त टांगलेले कपडे आणि दुचाकींची हँडल. सकाळच्या रिकाम्या गल्लीत लक्षात येते की मधूनच एखादी बांधणी बुटकी, लांब आणि उतरत्या छपराची आहे. दर्शनी भागाला टाइल्स लागल्या आहेत, पुढे दुकान काढले आहे, वर मजला चढवला आहे; पण बाजूच्या बोळात शिरलात तर जुनी जाड भिंत आणि बराकीची लांबी कळते. नजर सरावली की त्या ओळखू येऊ लागतात.

आणखी एक गोष्ट शोधावी, ती म्हणजे टिकाणे. सिंधी हिंदूंच्या या प्रार्थनास्थळात गुरू ग्रंथसाहिब असतो आणि झूलेलालसह इतर देवदेवताही. मंदिर की गुरुद्वारा, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो, आतल्यांना पडत नाही. 16 जुलैपासून 40 दिवसांचे चालिहो व्रत सुरू होते, त्या काळात पहाटे या वाटांवर वेगळीच लगबग असते. जुन्या पाट्यांवर कुठे कुठे अरबी वळणाची सिंधी लिपी दिसली तर फोटो काढून ठेवा. सिंधीला 1967 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण ही लिपी वाचू शकणारे नव्या पिढीत कमी होत आहेत.

आणि दाल-पकवान. कुरकुरीत तळलेले पकवान, त्यावर चणाडाळ, कांदा, चटणी. हा सकाळचाच पदार्थ आहे. धावून झाल्यावर तळलेले खाणे फिटनेसच्या हिशोबात बसत नाही, याची कल्पना आहे. होळीच्या सुमारास आलात तर घीयरही मिळेल. जिलेबीचा थोरला भाऊ समजा.

ज्यांना लांब पल्ला हवा, त्यांनी कॅम्प 1 मार्गे शहाडकडे जावे. तिथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठल मंदिर आहे. आषाढी एकादशीला इथे मोठी रीघ लागते, म्हणून अनेक जण त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात.

दुसरे टोक : अंबरनाथचे शिवमंदिर

रेल्वेमार्ग ओलांडून कॅम्प 4 आणि 5 च्या बाजूने गेले की अंबरनाथ पूर्वेचे शिवमंदिर येते. शिलाहार काळातले हे मंदिर शिलालेखानुसार शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे. भूमिज शैलीतले शिखर, बाहेरच्या भिंतींवरची दाट शिल्पे आणि पायऱ्या उतरून खाली जावे लागते असा गाभारा. शेजारून वालधुनी नदी वाहते. तीच नदी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते, आणि वाटेत तिचे काय होते हे या भागातल्या प्रत्येकाला नाकाने कळते. नोव्हेंबर 2014 मध्ये या नदीत रसायने सोडल्याने वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले होते. त्यामुळे ‘नदीकाठचा निसर्गरम्य मार्ग’ असे कोणी या पट्ट्याचे वर्णन केले तर विश्वास ठेवू नका. मंदिर पाहण्यासारखे आहे, वाट सहन करण्यासारखी.

पण या दोन टोकांमध्ये एक फरक आहे आणि तोच या लेखाचा मुद्दा आहे. शिवमंदिर हे पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. त्याच्याभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. बराकींना असे काहीच नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान 100 वर्षे जुनी असावी लागते. बराकी युद्धकाळातल्या, म्हणजे त्यांची शंभरी 2040 नंतर. तोवर नावापुरती तरी एखादी उरेल का, याची शंका आहे.

म्हणजे बराकी पाडू नयेत का?

असे म्हणणे सोपे आहे, आणि बाहेरून येऊन तासभर फिरणाऱ्याला ते आणखी सोपे आहे. जो तिथे राहतो त्याला गळके छप्पर, सामाईक भिंत आणि अपुरी जागा रोज दिसते. त्याला पक्के घर हवे आहे आणि ते मिळायलाच हवे.

कॅम्प 2 ला तर घराच्या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली आहे. मे 2021 मध्ये नेहरू चौकातल्या साईसिद्धी इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि 7 जणांचा मृत्यू झाला. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी कॅम्प 1 मध्ये अशीच दुर्घटना झाली होती. ही काही युद्धकाळातली बराक नव्हती, नंतरच्या काळातली बहुमजली इमारत होती. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शहरातल्या 855 बेकायदा इमारतींवर हातोडा पडण्याची वेळ आली होती आणि 2006 मध्ये फक्त उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा इथे ‘वारसा की पुनर्विकास’ असा प्रश्न मांडणे चुकीचे ठरेल. धोकादायक इमारतीतल्या माणसाचा हक्क आधी.

मात्र पाडण्याआधी नोंद करायला कोणाची हरकत असणार? बराकीची मोजमापे, चार बाजूंचे फोटो, नंबर, त्यात राहून गेलेल्या कुटुंबांची अर्ध्या तासाची ध्वनिमुद्रणे. हे काम स्मार्टफोनवर होते. शहरात सीएचएम आणि तलरेजा यांच्यासारखी जुनी महाविद्यालये आहेत, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. अमृतसरमध्ये 2017 मध्ये जुन्या टाउन हॉलमध्ये फाळणीचे संग्रहालय सुरू झाले, दिल्लीतही दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत झाले. ती इमारतींमधली संग्रहालये आहेत. इथे ज्या जागेत लोक राहिले तीच जागा अजून वापरात आहे, पत्त्यासकट. ते भाग्य फार शहरांना मिळत नाही.

चालायला फुटपाथ आहे कुठे?

हा खरा अडथळा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींजवळून जातील एवढी. कॅम्प 2 च्या बाजारात सकाळी 11 नंतर टेप घेऊन उभे राहा, टेप उघडायलाच जागा मिळणार नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे अनुच्छेद 21 चा भाग असल्याचे म्हटले आहे.

अशा वेळी महापालिकेची गाडी येते आणि हातगाड्या उचलते. मला हा उपाय अर्धवट वाटतो. निर्वासितांच्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी डोक्यावर पाटी घेऊन, लोकलमध्ये वस्तू विकूनच पाय रोवले. ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद त्या धडपडीतूनच आला. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, शहर फेरीवाला समिती आहे, जागा नेमून देता येतात. गल्लीची जास्त जागा खातात ती पक्क्या दुकानांची बाहेर काढलेली स्टँड, पायऱ्या आणि दुहेरी रांगेत लावलेल्या दुचाकी. त्यांच्याकडे गाडी वळताना कमी दिसते.

आणि काय करता येईल?

मोठ्या निधीची गरज नाही. गोल मैदान ते नेहरू चौक एवढाच एक टप्पा निवडावा. रविवारी सकाळी 6 ते 9 तिथे वाहने बंद ठेवावीत. दुकाने तेव्हा बंदच असतात, त्यामुळे व्यापाऱ्यांचेही नुकसान नाही. उरलेल्या प्रत्येक बराकीवर आणि पाडलेल्या बराकीच्या जागी नंबराची एक सारखी पाटी लावावी, मराठी आणि सिंधीत. क्यूआर कोड टाकला तर ध्वनिमुद्रण तिथेच ऐकता येईल. जागा द्यायला मालक तयार असतील तर निदान एक बराक, फक्त एक, हॉल आणि दोन्ही टोकांच्या खोल्यांसह मूळ रूपात राखता येईल. महापालिकेच्या वारसा यादीत तिला घेण्यासाठी शंभर वर्षांची वाट पाहायची गरज नाही, ती अट केंद्रीय स्मारकांसाठी आहे.

तोपर्यंत ज्यांना जायचे आहे त्यांनी पहिल्या लोकलने जावे. उल्हासनगर स्थानकात उतरून पश्चिमेला बाहेर पडा. पाण्याची बाटली आणि जाड सोलचे बूट घ्या, कारण गटारांची झाकणे सगळीकडे जाग्यावर असतीलच असे नाही. पावसाळ्यात बाजारातल्या गल्ल्या टाळून गोल मैदानाच्या फेऱ्या माराव्यात. आणि एखाद्या बंद दुकानाच्या कडेला रंग उडालेला बराक नंबर दिसला तर त्याचा फोटो लोकेशनसह ठेवा. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण असू शकते.