काळजातले दुखणे

आम्हा मराठी माणसांना ‘काळीज’ हा शब्द भारी लाडका. लेक सासरी निघाली की काळजाचा तुकडा जातो, भीती वाटली की काळजाचे पाणी होते. पण खाटकाकडे काळीज मागा, तो यकृतच तोलून देईल! वर्गात हे सांगितले की कर्जत-खालापूरची माझी मुले खो-खो हसतात.

असाच गोंधळ ‘कावीळ’ या शब्दाचा. शब्द एक, दुखणी अनेक. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला लागतात आणि पुष्कळदा डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम ठोकतात. एचआयव्हीच्या वाटाही याच. दोघे एकाच शरीरात उतरले, तर यकृत अधिक वेगाने खराब होते. पुढे सिरोसिस, कर्करोगसुद्धा.

आमच्याकडे कावीळ ‘उतरवतात’. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली! वाचकहो, निरोगी हातांनीही ते पाणी पिवळेच होते.

गंमत येथवरच असती तर बरे. खालापूरकडील माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने घेत. (कोण ते विचारू नका, २०१७ च्या कायद्यानेही ते गुप्तच राहावयाचे.) त्यांना पाण्यातली साधी कावीळ झाली. उतरवणाऱ्याने पथ्य सांगितले, “डॉक्टरी गोळ्या बंद!” वडीलधाऱ्यांनी तोच हट्ट धरला. आजाराची गोष्ट पत्नीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. गोळ्या का हव्यात, हे सांगायचे कोणत्या तोंडाने? गोळ्या थांबल्या. साधी कावीळ ओसरली, पण आत दडलेली ‘बी’ उसळली. त्या गोळ्यांतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे एचआयव्ही आणि ‘बी’ दोघांनाही आवरून धरतात! इस्पितळात गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, गृहस्थ वाचले. यकृतावरचे वण राहिले.

भारतात १९८६ साली एचआयव्हीचा माग प्रथम काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या मद्रासच्या मराठी गायतोंडे कुटुंबातल्या. २८ जुलै २०१५ रोजी त्या निवर्तल्या. हाच दिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात, आणि २०१८ साली याच तारखेला आपल्या सरकारने या काविळींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ‘सी’ बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पार बरी होते. ‘बी’ला लस आहे. एचआयव्हीची औषधेही सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात.

तेव्हा एचआयव्ही असलेल्याने ‘बी’ आणि ‘सी’ या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी थांबवू नये. दिवाळीत कोणी “एवढा एकच पेला” म्हणून आग्रह केला, तर घरच्यांनीच तो पेला बाजूला सारावा. कारण विचारण्याची गरज नाही.