थट्टेचे सोवळे

मराठी समीक्षेत ‘विनोदी’ हे विशेषण पुष्कळदा सौम्य शिक्षेसारखे वापरले जाते. कलाकृती विनोदी ठरली की तिच्याकडून फार काही मागण्याची जबाबदारी टळते. आणि ती मोठी आहे हे नाकारताच आले नाही, तर ‘वरवर विनोदी, अंतर्यामी गंभीर’ हा शिक्का हाताशी असतोच. आम्हाला हा दुसरा शिक्का अधिक घातक वाटतो. पहिला निदान उघडपणे तुच्छ लेखतो. दुसरा विनोदाला केळीच्या सालीसारखा सोलून फेकतो आणि आतला गर काय तो आपला म्हणतो. हे म्हणणे आम्ही येथे एका इंग्लिश रॉक अल्बमच्या निमित्ताने मांडत आहोत. त्याच्या चाहत्यांतही नेमके हेच दोन पक्ष आहेत. शिवाय या अल्बमची थट्टा साहित्य शिकवणाऱ्या माणसांवर, म्हणजे आमच्यावरच, येऊन आदळते.

जेथ्रो टल या वाद्यवृंदाचा ‘ॲक्वालंग’ १९७१ मध्ये आला आणि समीक्षकांनी तो ‘कॉन्सेप्ट अल्बम’, म्हणजे एका मध्यवर्ती कल्पनेभोवती गुंफलेली गीतमाला, असल्याचे जाहीर केले. गायक, बासरीवादक आणि गीतकार इयन अँडरसन सांगत राहिला की तसे काही नाही. ही सुटी गाणी आहेत. कोणी ऐकले नाही. (कवीने ‘मला असे म्हणायचे नव्हते’ असे सांगितल्यावर आपण वर्गात काय करतो ते आठवावे.) तेव्हा अँडरसनने ठरवले की कॉन्सेप्ट अल्बमच हवा असेल, तर अशा सर्व अल्बमांचा बाप ठरेल असा देऊ. १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ तो हा. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणे, सुमारे ४४ मिनिटांचे. मध्ये खंड पडतो तो फक्त तबकडी उलटण्यापुरता. शीर्षक हा इंग्रजीतला मठ्ठपणाचा वाक्प्रचार : विटेइतका ढ. गंमत अशी की अतिरेकाची थट्टा म्हणून केलेला हा अतिरेक अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

गीताचे कर्तृत्व जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला दिलेले होते. गावातले लोक त्याला ‘लिट्ल मिल्टन’ म्हणतात. असा कोणी मुलगा नाही. पण तो खरा आहे असे मानणारे श्रोते तेव्हा पुष्कळ निघाले. या मुलाची हकीकत कळते ती वेष्टनावरून. वेष्टन म्हणजे घडी घातलेले एक बारा पानी वर्तमानपत्र, ‘सेंट क्लीव्ह क्रॉनिकल अँड लिनवेल ॲडव्हर्टायझर’. कल्पित गावाचे कल्पित पत्र. त्यात स्थानिक बातम्या आहेत, शब्दकोडे आहे, ठिपके जोडून चित्र पुरे करण्याचा खेळ आहे. पहिल्या पानावरची मुख्य बातमी मात्र वाङ्मयीन आहे : जेराल्डला मिळालेले काव्यस्पर्धेचे पारितोषिक काढून घेण्यात आले आहे.

का? तर त्याने ही कविता बीबीसीवर वाचली आणि लोक खवळले. परीक्षकांना घाईघाईने पुन्हा बोलावण्यात आले. चार बालमनोविकारतज्ज्ञांनी निर्वाळा दिला की मुलाचे मन बिघडलेले आहे आणि जीवन, देव व देश यांच्याविषयीची त्याची वृत्ती निकोप नाही. पारितोषिक मग मेरी व्हाइटयार्ड नावाच्या मुलीच्या ख्रिस्ती नीतीवरील निबंधाला गेले. दूरचित्रवाणीच्या शुद्धीकरणासाठी झटणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाईंना हा उघड चिमटा आहे. पारितोषिक देणाऱ्या संस्थेचे नाव ‘साहित्यिक प्रगती आणि गर्भधारणा मंडळ’ अशा अर्थाचे असून त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘स्लॅग’ हा शब्द तयार होतो. स्लॅग म्हणजे भट्टीतून धातू काढून घेतल्यावर उरणारी मळी.

या बातमीतला बारकावा पाहण्यासारखा आहे. निकालाच्या दिवशी जी कविता होती तीच नंतरही होती. तिचा एक शब्दही बदललेला नव्हता. बातमीत प्रत्येकजण तिच्याविषयी बोलतो, पण ती वाचताना कोणी दिसत नाही. आणि ती छापली आहे कुठे? त्याच अंकाच्या आतल्या पानावर, गावच्या किरकोळ मजकुराच्या शेजारी. त्याच अंकात प्रस्तुत अल्बमचे परीक्षणही आहे आणि परीक्षक ज्युलियन स्टोन-मेसन यांनी आपल्या नावापुढे ‘बी.ए.’ लावायला विसरू नये याची काळजी घेतली आहे. आम्ही एम.ए. आहोत. त्यामुळे हसू येते ते थोडे अडखळत.

दूरच्या देशातली जुनी टवाळी म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला. पुस्तक जाहीर करतानाचे आणि रद्द करतानाचे एकच होते. सेंट क्लीव्हच्या मंडळाने परीक्षकांना निदान पुन्हा बोलावण्याचा शिष्टाचार पाळला होता; आपल्याकडे निवड समितीच बरखास्त झाली. अशा वेळी थट्टेला ‘वरवरची’ म्हणणाऱ्याने तो वर कुठला आणि खोल कुठले हे एकदा आखून दाखवावे.

आता संगीताकडे वळू, कारण पहिल्या पक्षाचा आक्षेप तिथे आहे : टवाळीच करायची होती तर इतके सुंदर वाजवण्याची गरज काय होती? या प्रश्नात विडंबनाविषयीचे अज्ञान दडलेले आहे. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या केशवकुमारांना वृत्तावर हुकमत नसती तर त्या पुस्तकाचा चार दिवसांत पाचोळा झाला असता. ज्याची नक्कल करायची त्याच्याइतके, जमल्यास त्याच्याहून चांगले करता आले तरच विडंबन उभे राहते. नाहीतर ती केवळ वेडावून दाखवणारी जीभ. गाणे सुरू होते साध्या गिटारवर. लोकगीतासारखी चाल आणि तिच्या कडेने फिरणारी बासरी. मग ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, ल्यूट, व्हायोलिन, ट्रंपेट, टिंपनीचे नगारे अशी वाद्ये येत-जात राहतात. डी पामरची तंतुवाद्यरचना आहे. आणि बॅरिमोर बार्लो हा या वृंदाबरोबरच्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये ताल बदलत राहतो, तरी ऐकणाऱ्याचा ठेका सुटत नाही. लोकसंगीत, जॅझ, लष्करी कवायतीची चाल, दरबारी डौल हे सगळे एकाच पंगतीला बसले आहे. ही पंगत विस्कळीत वाटत नाही, कारण आधी येऊन गेलेल्या चाली वेष पालटून परत येतात. मोठ्या समारंभाची तयारी व्हावी आणि आत यावा तो मघाचाच ओळखीचा पाहुणा, असे वारंवार घडते. शेवटी सारा फौजफाटा ओसरतो आणि उरते तीच सुरुवातीची गिटार, तीच चाल, तेच शब्द. महाकाव्याचा आव आणून निघालेली स्वारी घराच्या उंबरठ्यावरच परत येते. ही थट्टा वेष्टनावर चिकटवलेली नाही, ती रचनेत आहे. आणि ती ऐकताना गळा दाटून येतो हेही खरे आहे.

तुलनेसाठी ‘येस’ या वृंदाचा १९७३ चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ घ्यावा. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीची एक तळटीप वाचून जॉन अँडरसनला स्फुरण चढले (हा अँडरसन वेगळा) आणि चार बाजूंवर चार प्रदीर्घ रचना उभ्या राहिल्या. आमच्या ओळखीच्या रसिकांत या अल्बमविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. शास्त्रे म्हटल्यावर सखोल असणारच! वास्तविक त्यातले काही भाग फार चांगले आहेत. पण तळटिपेवर चार बाजूंचे देऊळ बांधताना कोणालाही एकदासुद्धा हसू आले नाही, आणि त्याची किंमत श्रोत्याला मोजावी लागते. गंमत पचवू न शकणाऱ्या गांभीर्याला खोली म्हणण्याची सवय आपण साहित्यातही अशीच जोपासली आहे.

आमच्या बाजूच्या मंडळींनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. ‘थिक ॲज अ ब्रिक’ची दुसरी बाजू मध्ये सैल पडते. काही वादन केवळ ४४ मिनिटे भरावीत म्हणून आहे, आणि शब्दही अधूनमधून नुसतेच धूसर होतात. यावर ‘अहो, पाल्हाळ हीच तर थट्टा आहे’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. विनोदाला समान दर्जा हवा असेल तर त्याला परीक्षेतून सूट मागता येणार नाही. कंटाळवाणे ते कंटाळवाणे.

राहता राहिली वर्तमानपत्राची गोष्ट. पुढे सीडीच्या आकारात ते आकसले; आणि आता भ्रमणध्वनीवर गाणे ऐकणाऱ्याला ते बहुधा दिसतही नाही. त्याला जेराल्ड माहीत नसतो, पारितोषिकाची भानगड माहीत नसते. त्याच्यासाठी हा एक लांबलचक, अवघड, आदरणीय अल्बम उरतो. म्हणजे ‘अंतर्यामी गंभीर’वाल्यांना हवी होती ती साल सोललेली आवृत्ती त्यांना आयतीच मिळाली. २०१२ मध्ये अँडरसनने या मुलाचे पुढे काय झाले असावे याच्या निरनिराळ्या शक्यतांवर दुसरा भाग काढला, तेव्हा सेंट क्लीव्हचे पत्रही संकेतस्थळाच्या रूपाने अवतरले. त्याच वर्षीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत मूळ वर्तमानपत्र पुन्हा छापले गेले. आम्ही वर्गात आधी ते पान वाचायला देतो आणि गाणे नंतर लावतो. पहिल्या तासाला विद्यार्थी विचारतात, यातले परीक्षेला काय येणार. दुसऱ्या तासाला कोणीतरी ज्युलियन स्टोन-मेसन यांचे ‘बी.ए.’ पाहून हसते आणि मग आमच्याकडे पाहते.