घर ‘अनुत्पादक’, मग कापूस ठेवायचा कुठे?



पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले की शेतकरी काय करतो? सडलेले पत्रे बदलतो, ओसरीला फरशी टाकतो, जमलेच तर एखादी कुडाची भिंत विटांची करून घेतो. त्यावर शहाण्या मंडळींचे प्रवचन ठरलेले असते : “पैसा शेतीत घालायचा सोडून घरात घातला!” बँकेच्या भाषेत हा अनुत्पादक खर्च. व्यापाऱ्याने गोदाम बांधले तर ती गुंतवणूक. जिनिंगवाल्याने शेड उभी केली तर तो उद्योग. आणि त्या दोघांकडे जाण्याआधी तोच कापूस ज्या घरात महिना महिना पडून असतो, ते घर मात्र उधळपट्टी!

कोरडवाहू शेतकऱ्याचे घर हिवाळ्यात माणसांचे राहतच नाही. माजघरात कापसाची गंजी, कोपऱ्यात ज्वारीची पोती, आढ्याला टांगलेले बियाणे, आणि माणसे ओसरीत. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहाच्या खाली जातो. त्या थंडीत बाई लेकराला गोधडीत गुंडाळून बाहेर निजते, कारण आतली ऊब कापसाने घेतलेली. चूल गंजीपासून चार हातांवर. एक ठिणगी उडाली की वर्षाची कमाई आणि घर एकदमच जाते. कृषी खाते सांगते, पऱ्हाट्या घराजवळ रचू नका, गुलाबी बोंडअळी टिकून राहते. सल्ला खरा आहे, २०१७ साली आपण तिचा तडाखा खाल्ला आहे. पण पऱ्हाटी जाळून टाकल्यावर चुलीत काय घालायचे, हे त्या पत्रकात लिहिलेले नसते. हुरडा खायला येणाऱ्या पाहुण्यांनी एक रात्र या घरात मुक्काम करून पाहावा.

आता हिशेब. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा हमीभाव देते, त्यापुढे टक्क्याटक्क्याने भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. सकाळी दहिवरात वेचलेला कापूस ओलाच येणार. तो पसरून वाळवायला जागा हवी, मग ठेवायला कोरडी जमीन हवी. मातीची जमीन खालून ओल देते. पत्र्याला पहाटे आतून घाम सुटतो आणि थेंब गंजीवर पडतात, वरचा थर पिवळा पडतो. खरेदीदार नेमका वरचाच मूठभर उचलतो आणि त्या मुठीवर सगळ्या गाडीचा भाव ठरवतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. क्विंटलमागे ५०० रुपये कापले, तर १५ क्विंटलला ७,५०० रुपये गेले. दोन-चार हंगामांत एवढ्यातच त्या खोलीचे छप्पर आणि जमीन दुरुस्त झाली असती. मग सांगा, उत्पादक खर्च कोणता?

कोणी म्हणेल, बापजाद्यांची मातीची धाब्याची घरे काय वाईट होती? थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार. खरे आहे. पण धाब्यावर माती टाकायला माणूस आणि सारवायला, लिंपायला बाईचे हात दरवर्षी लागत. ते हात फुकट धरले म्हणूनच ते घर स्वस्त होते.

सरकार म्हणते, घरकुल देतो. २०१६ पासून पंतप्रधान आवास योजनेत केंद्राने सपाट भागासाठी ठरवलेली रक्कम १ लाख २० हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली. किमान जागा २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकासकट. एवढ्या पैशात किमानच्या पुढे कोणी जात नाही. या खोलीत निजायचे, रांधायचे, की कापूस ठेवायचा? कागदावर घर बांधणाऱ्याला शेतकरी म्हणजे फक्त रात्री झोपणारा प्राणी वाटतो. शिवाय सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, तो १८ वर आणला. घरकुलाच्या एका हाताने दिलेल्यातले दुसऱ्या हाताने किती काढून घेतले, हे कोणत्याच फलकावर रंगवलेले नसते.

जागा नसली की दिवाळीतच माल काढावा लागतो. आणि २०२५ मध्ये नेमक्या याच हंगामात, १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले होते. जो थांबू शकत नाही त्यालाच हा मार पुरा बसतो. थांबला म्हणजे फायदाच, असे मी म्हणत नाही. २०२१-२२ चा दहा हजारांवरचा भाव पाहून पुढच्या साली अनेकांनी उन्हाळ्यापर्यंत कापूस धरून ठेवला. भाव चढण्याऐवजी उतरला, लेकरांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. पण कधी विकायचे हे धन्याने ठरवावे, गळक्या पत्र्याने नव्हे. आणि कापसाला स्वतःची खोली असती तर लेकरांना त्याच्या शेजारी निजावे लागले नसते.

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरायचे, असे रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. पंप हे साधन, अवजारे हे साधन. मग ज्या खोलीत पीक राहते ती खोली साधन का नाही? येत्या तालुका बैठकांत ठराव घ्या : कापसाची खोली, तिचे छप्पर आणि जमीन या २० टक्क्यांत धरा, आणि शेतकऱ्याच्या घरकुलात माल ठेवायची खोली वेगळी मोजा. ठरावावर थांबू नका. शाखेत लेखी अर्ज द्या. नकार आला तर तोही लेखीच मागा, आणि जिल्हा बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा.